खोक्यावर सात, कान दोनच

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे पाटीवरच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, गेमिंगचे सामान विकणाऱ्या दुकानात थोडा वेळ उभे राहिले की एक संवाद हमखास कानावर पडतो. मुलगा हेडसेट उलटसुलट करून पाहत असतो, आई किमतीची चिठ्ठी शोधत असते. दुकानदार दोघांनाही एकदम गुंडाळतो, ‘‘काकू, हा सेव्हन पॉइंट वन आहे. गेममध्ये मागून कोणी आलं की लगेच कळतं.’’ साध्या स्टिरिओ हेडसेटपेक्षा चार पैसे जास्त जातात. त्या चार पैशांत नेमके काय पदरात पडले, हे तिघांपैकी कोणीच विचारत नाही.

७.१ हा आकडा मुळात खोलीचा आहे, डोक्याचा नाही. घरच्या थिएटरमध्ये समोर तीन, दोन्ही बाजूंना एकेक आणि पाठीमागे दोन असे सात स्पीकर असतात. टिंबानंतरचा एक म्हणजे दणका देणारा सबवूफर. तिथे मागचा आवाज खरोखरच मागून येतो. हेडसेटमध्ये ‘मागे’ नावाची जागाच नसते, कानाला चिकटलेल्या दोन वाट्या असतात. काही कंपन्यांनी एकेका वाटीत तीन-चार छोटे ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणाऱ्या चकत्या, कोंबून ‘ट्रू ७.१’ विकून पाहिले, पण कानापासून बोटभर अंतरावर पुढे-मागे बसवलेल्या चकत्यांनी खोली उभी राहत नाही, हेडसेट तेवढा जड होतो. आज बाजारातले बहुतेक ७.१ ‘व्हर्च्युअल’ असतात. ड्रायव्हर दोनच, बाकीचे काम सॉफ्टवेअरचे. ३.५ मिलिमीटरच्या साध्या पिनेतून तर डावा आणि उजवा असे दोनच आवाज हेडसेटपर्यंत पोहोचतात, मग खोक्यावर काहीही छापलेले असो.

याचा अर्थ सॉफ्टवेअरची जादू खोटी आहे असा नाही. आंधळी कोशिंबीर खेळताना डोळ्यांवर पट्टी बांधलेले पोरही दोनच कानांवर भिडूचा माग काढते. उजवीकडून आलेला आवाज डाव्या कानाला किंचित उशिरा आणि किंचित हळू ऐकू येतो. हा उशीर जास्तीत जास्त सेकंदाच्या दीड हजाराव्या भागाएवढा, पण मेंदूला तो पुरतो. डावे-उजवे असे कळते. थेट समोरचा आणि थेट मागचा आवाज मात्र दोन्ही कानांवर एकाच वेळी पडतो. तिथे कामाला येतात कानाच्या पाळीच्या वळ्या. आवाज कुठून आला त्यानुसार त्या त्याचा पोत थोडा बदलतात आणि मेंदूला तो बदल लहानपणापासून पाठ असतो. एवढ्यावरही शंका राहिली तर पोर मान वळवते.

हा सगळा हिशेब गणितात मांडता येतो. त्याला एचआरटीएफ म्हणतात. अडचण एवढीच, की तो हिशेब कोणाच्या कानाचा? प्रत्येकाची पाळी वेगळी. १९९८मध्ये नेदरलँड्समधल्या नायमेगेनच्या संशोधकांनी काही जणांच्या कानांच्या वळ्यांत साचे बसवले, तेव्हा आवाज वरून येतो की खालून हे त्यांना ओळखता येईना. काही आठवड्यांनी नव्या ‘कानां’ची सवय झाली, तेव्हा कुठे ते पुन्हा जमू लागले. हेडसेटचे सॉफ्टवेअर बहुधा सरासरी डोक्यावर बेतलेले असते. म्हणून एकाच हेडसेटवर एकाला शत्रू पाठीमागे जाणवतो आणि त्याच्या मित्राला सगळे पिंपातून आल्यासारखे वाटते. सोनीने प्लेस्टेशन ५मध्ये पाच वेगवेगळे हिशेब देऊन ‘तुमच्या कानाला जुळेल तो निवडा’ असे सांगितले, त्यामागचे कारण हेच.

आता मुद्द्याचे. पाऊल नेमके कुठे वाजले हे सर्वांत अचूक कोणाला ठाऊक असते? हेडसेटला नव्हे, गेमला. काउंटर-स्ट्राइकमधला ‘न्यूक’ हा नकाशा घ्या. त्यात बॉम्ब लावण्याच्या दोन जागा जवळजवळ एकावर एक आहेत. पावले वरच्या मजल्यावर वाजली की खालच्या, यावर फेरी फिरते. ७.१चे सातही स्पीकर ढोबळमानाने कानाच्या पातळीचे, त्यात उंचीला खातेच नाही. त्यामुळे हेडसेटवरचे ७.१ इथे मजला सांगू शकत नाही. काउंटर-स्ट्राइक बनवणाऱ्या व्हॉल्व्हने २०१७मध्ये खुद्द गेममध्येच एचआरटीएफ आणले, तेव्हा साध्या स्टिरिओ हेडफोनवरही मजला ओळखण्याची सोय झाली. व्हॅलोरंटमध्ये ती २०२१मध्ये आली. ओव्हरवॉचने तर २०१६मध्येच हेडफोनसाठी उंचीचाही हिशेब ठेवणारे डॉल्बी ॲटमॉस दिले होते.

गेमने हिशेब केल्यावर हेडसेटनेही आपला हिशेब लावला, तर गोड चहात पुन्हा साखर पडते. पावले घुमतात, दिशा पुसट होते. अनेक पोरे महिनोन्‌महिने असेच खेळतात आणि दोष इंटरनेटला देतात. गेममधला एचआरटीएफ चालू, हेडसेटचे ७.१ बंद, विंडोजमधले सराउंडही बंद, एवढे केले की काम भागते. हेडसेट घातल्यावर मान वळवून उपयोग नसतो, आवाजही डोक्याबरोबर वळतो. तिथे मान वळवण्याचे काम माउस करतो. सराईत खेळाडू संशय आला की माउसला हलकासा झटका देतो, तो याचसाठी.

व्हर्च्युअल सराउंड वाया गेले असेही नाही. ५.१ किंवा ७.१मध्ये ध्वनिमुद्रित केलेला सिनेमा, स्वतःचा एचआरटीएफ नसलेला पण सगळे चॅनेल बाहेर देणारा गेम, इथे ते खरेच रंगत आणते. पण त्यासाठी वेगळा हेडसेट कशाला? विंडोज सॉनिक हे असेच सॉफ्टवेअर २०१७पासून विंडोज १०बरोबर फुकट मिळते आणि कोणत्याही हेडफोनवर चालते.

राहिलेले चार पैसे मग कुठे घालावेत? वजनात, गादीत आणि माइकमध्ये. मे महिन्यात चामड्यासारखी गादी तासाभरात कान उकडून काढते, कापडी गादी बरी. शेजारी मिक्सर चालू असेल तर बंद पाठीची वाटी हवी. शांत खोली असेल तर उघड्या पाठीची घ्यावी, तिचा आवाज ऐसपैस वाटतो. साध्या ब्लूटूथवर भरवसा नको. माइक चालू झाला की त्याचा आवाज बहुतेक वेळा टेलिफोनसारखा होतो. त्यापेक्षा वायर किंवा यूएसबीचा छोटा डाँगल बरा. कंपन्यांनी तरी खोक्यावर सातचा आकडा रंगवण्याऐवजी ‘सॉफ्टवेअरने केलेले’ एवढे दोन शब्द आणि हेडसेटचे वजन ठळक छापायला काय हरकत आहे?

दुकानातल्या त्या मायलेकांना एक चाचणी सहज करता येईल. दुकानातल्या पीसीला आधी साधा स्टिरिओ हेडसेट लावायचा, मग सातवाला, आणि न्यूकवर मुलाने एखाद्या सोबत्याला वरखाली पळवायचे. आईने हेडसेट कानांवर चढवून, डोळे मिटून पावलांच्या दिशेने बोट दाखवायचे. बिल त्यानंतर करायचे.