दिल्लीत आपला कागद कोण लिहितो?



आम्ही काही सभासद नोकरीधंद्यानिमित्त वसई-विरारला स्थायिक झालो आहोत. शेअर गावच्या कारखान्यात, ऊस भावकीच्या देखरेखीत आणि आम्ही रोज विरार-चर्चगेट गाडीत, अशी आमची तऱ्हा. कारखान्याचे वार्तापत्र मात्र आम्ही चार घरी फिरवून वाचतो. एफआरपी, साखरेचा किमान भाव, दोन कारखान्यांतले हवाई अंतर यांवर त्यात बरेच छापून येते. केंद्राने अमुक केले, तमुक केले. पण केंद्राला हे सुचवतो कोण, हा प्रश्न कुणी विचारीत नाही. तो विचारावा म्हणून हा लेखनप्रपंच.

आमची गाडी जिथे थांबते त्या चर्चगेटपासून पाच-दहा मिनिटांवर ब्रेबर्न स्टेडियम आहे. तिथे वर्षानुवर्षे अर्थसंकल्पानंतर नानी पालखीवाला यांचे भाषण होत असे. 1958 साली एका हॉटेलच्या हॉलमध्ये सुरू झालेले हे व्याख्यान पुढे इतके गाजले की मैदान घ्यावे लागले. 1994 पर्यंत ते चालले. हातात कागद नाही, पण करांचे आकडे तोंडपाठ. पालखीवाला कधी खासदार झाले नाहीत. तरी अर्थमंत्र्यांनी काय मांडले याच्या बरोबरीने पालखीवाला काय म्हणाले हेही वर्तमानपत्रे छापीत. कर कमी करा, परवाने कमी करा, हे मध्यमवर्गाच्या गळी उतरवण्यात त्यांचा वाटा मोठा होता.

त्या व्याख्यानांमागे फोरम ऑफ फ्री एंटरप्राइज ही संस्था होती. 1956 साली मुंबईत ए. डी. श्रॉफ यांनी ती काढली. 1944 चा ‘बॉम्बे प्लॅन’ तयार करणाऱ्या मंडळींपैकी ते एक. त्याच वर्षी आयुर्विमा सरकारच्या ताब्यात गेला होता आणि खासगी उद्योगाची बाजू मांडणारे कुणी हवे असे श्रॉफ यांना वाटले. संस्थेने निवडणूक लढवली नाही. छोट्या पुस्तिका काढल्या, सभा घेतल्या, कॉलेजच्या मुलांच्या वक्तृत्व स्पर्धा भरवल्या. हे एक-दोन वर्षे नव्हे, अनेक दशके केले.

राजकारणाची बाजू स्वतंत्र पक्षाने उचलली. जानेवारी 1959 मध्ये काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनात संयुक्त सहकारी शेतीचा ठराव झाला. त्याच वर्षी राजाजी, प्रा. रंगा, मिनू मसानी आदी मंडळींनी पक्ष काढला. 1962 साली त्यांचे 18 खासदार आले, 1967 साली 44. पुढे 1971 मध्ये ते 8 वर आले आणि 1974 मध्ये पक्षच विलीन झाला. पण जमिनी एकत्र करून शेती करण्याची ती कल्पना देशभर काही रुजली नाही. पक्ष गेला, मुद्दा राहिला. इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. आपला साखर सहकार हा त्या ठरावातला सहकार नव्हे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेला जी वाट पाडली, तीत जमीन ज्याची त्याचीच राहते. एकत्र येते ते उसाचे गाळप.

कुणी म्हणेल, ही तर गिरणीवाल्यांची आणि वकिलांची मंडळी. शेतकऱ्याचा काय संबंध? तर शरद जोशी आठवावेत. युनोच्या टपाल संघटनेतली नोकरी सोडून हा माणूस आला आणि चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू शेती करू लागला. 1980 साली कांदा आणि उसाच्या भावासाठी नाशिक जिल्ह्यात रस्ते अडले, तेव्हा मागणी होती टनाला 300 रुपये. त्या आंदोलनातूनही पुढे खुल्या बाजाराचाच विचार उभा राहिला: सरकारने भाव पाडू नये, बंदी घालू नये, शेतकऱ्याला मोकळे सोडावे. 1990 साली केंद्राच्या कृषी सल्लागार समितीचे अध्यक्षपद, पुढे वाजपेयी सरकारच्या काळात कृषी कार्यबलाचे अध्यक्षपद, 2004 ते 2010 राज्यसभा. रस्त्यावरचा मुद्दा दिल्लीच्या टेबलावर गेला तो असा. 2020 साली तीन कृषी कायदे आले आणि 2021 च्या नोव्हेंबरात मागे घेतले गेले. त्यांवर सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीत शेतकरी संघटनेचे अनिल घनवट होते.

हे सगळे वाईट, असे आम्ही म्हणत नाही. पूर्वी साखरेचा ठरावीक हिस्सा लेव्ही म्हणून सरकारला कमी भावात द्यावा लागे आणि उरलेली साखर कधी किती विकायची तेही दिल्ली ठरवी. त्याची झळ शेवटी उसाच्या दराला बसे. रंगराजन समितीने 2012 साली हे मोडा म्हणून सांगितले आणि 2013 साली लेव्ही गेली. साखर आणि उपपदार्थांच्या उत्पन्नातला 70 टक्के वाटा ऊस उत्पादकाला द्यावा, असेही त्याच समितीने सुचवले. चांगले ते चांगले म्हणावे.

आमच्या या वसईतला वाडीवाला शेतकरी तर फुले, भाजी, केळी घेऊन पहाटेच्या गाडीने मुंबईचा बाजार गाठत आला. खुला बाजार त्याला पुस्तकातून शिकायचा नाही. पण भाव पडला की टोपली डोक्यावर घेऊन परत यायचे, हेही त्यालाच ठाऊक. बाजार मोकळा असावा, पण त्यात उभे राहायला पाठीशी संस्था असावी. पुस्तिकांत पहिला भाग ठळक असतो, दुसरा आपणच लिहायला हवा.

तो आपण लिहिला का? आपल्याकडे खासदार कमी नव्हते. साखर कारखान्याच्या अध्यक्षपदावरून दिल्लीला गेलेले पुढारी महाराष्ट्राने भरपूर पाहिले. तरी एफआरपीपेक्षा जास्त दिलेला ऊसदर हा नफा समजून प्राप्तिकर खाते कारखान्यांच्या मागे लागले, आणि तो घोळ निस्तरायला 2023 चा अर्थसंकल्प उजाडावा लागला. सुमारे 10 हजार कोटींचा दिलासा त्यात जाहीर झाला. इतकी वर्षे का लागली? बोलणाऱ्याचे हुलगे विकतात, न बोलणाऱ्याचे गहूही विकत नाहीत, म्हणतात ते खोटे नाही.

दुसरी गोष्ट अधिक बोचणारी. ऊस नियंत्रण आदेश 1966 चा. ऊस दिल्यापासून 14 दिवसांत पैसे, नाहीतर 15 टक्के व्याज, असे तो सांगतो. तरी फेब्रुवारी 2022 मध्ये राज्य सरकारने एफआरपी दोन हप्त्यांत देण्याचा निर्णय काढला. मार्च 2025 मध्ये उच्च न्यायालयाने तो रद्द केला, पण मधल्या हंगामांत सभासदाने काय सोसले ते घरोघर माहीत आहे. एफआरपी हप्त्याने मिळावी, ही मागणी ऊस घालणाऱ्याची असणार नाही. कारखान्याची अडचण आम्ही जाणतो. साखर विकल्याशिवाय पैसा येत नाही, हे खरं. पण अशी बाजू सरकारपुढे जाताना सभासदांना आधी विचारायला नको का? खुल्या बाजारवाल्यांच्या पुस्तिकेवर निदान त्यांचे नाव छापलेले असते.

2012 साली वॉलमार्ट कंपनीने भारतातल्या प्रवेशासह अनेक कामांसाठी अमेरिकेत केलेला खर्च उघड झाला आणि संसदेत गदारोळ माजला. तो उघड झाला, कारण तिथल्या कायद्याप्रमाणे असा खर्च नोंदवावा लागतो. आपल्याकडे तसा कायदा नाही. कोण कुणाला भेटला, कुणाच्या पैशाने अहवाल झाला, कळायला मार्ग नाही.

तेव्हा आमचे मागणे साधे आहे. राज्य साखर संघ आणि दिल्लीचा राष्ट्रीय महासंघ यांच्यामार्फत आपल्या नावाने जी निवेदने जातात, त्यांचा मराठी मसुदा याच वार्तापत्रात छापावा, आणि जाण्यापूर्वी छापावा. एकरी खर्च, तोडणी-वाहतूक, मिळालेला दर यांचा हिशेब सभासदांकडून घेऊन कारखान्याने दरवर्षी एक छोटी पुस्तिका काढावी. ती प्रत्येक खासदाराला पाठवावी, मग तो कुठल्याही पक्षाचा असो. आणि असा खर्च जाहीर करण्याचा कायदा व्हावा, असा ठराव वार्षिक सभेत आणावा. तो लागू झाला तर आपल्या संघालाही लागू होईल. होऊ द्या.

वार्षिक सभेला आम्ही रात्रीच्या गाडीने येणार आहोत. जेवणाच्या पंगतीआधी हा विषय घ्यावा, ही विनंती. कळावे.

— वसई-विरार येथील सभासद