दंतवैद्याला दिसणारे व्यसन

अमली पदार्थ म्हटले की आम्हा प्रशासकांना धाड, जप्ती आणि अटक एवढेच सुचते. व्यसनी माणसाच्या मुखाकडे कोणी पाहत नाही. मेथॅम्फेटामाइनने लाळ आटते, कोरड पडल्याने गोड शीतपेये रिचवली जातात, नकळत दात करकरा खाल्ले जातात आणि दात घासण्याचे भान उरत नाही. लॉस एंजेलिसमधील ५७१ व्यसनींच्या २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ९६ टक्क्यांचे दात किडलेले आढळले. ५८ टक्क्यांच्या किडीवर उपचारच झाले नव्हते.

नोकरीनिमित्त कोरमंगलात एकट्या राहणाऱ्या आपल्या मुलामुलींची ही अवस्था घरच्यांआधी दंतवैद्याला दिसू शकते. त्याने धाक न घालता विचारपूस करावी आणि पुढची वाट दाखवावी. १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्याचे कलम ६४अ, मान्यताप्राप्त रुग्णालयात स्वेच्छेने पूर्ण उपचार घेणाऱ्या व्यसनीला सेवनाच्या खटल्यापासून संरक्षण देते. निमहान्सचे व्यसनोपचार केंद्र कोरमंगलापासून जवळच आहे. १४४४६ ही शासनाची विनामूल्य मदतवाहिनीही आहे. ही माहिती प्रत्येक दंतचिकित्सालयात ठळकपणे लावणे, हे माझ्या मते धाडीइतकेच शासनाचे कर्तव्य आहे.