अर्ज ‘नमुन्यात’ नाही म्हणून...

आमच्या शिवडीच्या बीडीडी चाळीतल्या एक काकू परवा दुपारी चार पानांचं पत्र घेऊन आल्या. "ताई, तुम्ही शिकलेल्या, जरा बघा हो. परत पाठवलंय." मुलगा वर्षभर कच्चा कैदी. आत मारहाण झाली, उजवा हात मोडला, वेळेवर उपचार झाले नाहीत. आता मूठ वळत नाही. भरपाई मागणारं हे पत्र त्याने बराकीतल्या दुसऱ्या मुलाकडून लिहून घेतलेलं. एका कचेरीतून ते परत आलं, शेरा एकच : ‘योग्य नमुन्यात नाही.’

मला रागच आला. हात मोडलेल्या पोराकडे नमुना मागता? पण पत्र वाचलं आणि थोडी वरमले. पहिली दोन पानं आईची तब्येत, देवाची शपथ, ‘माझं चुकलं’. मारहाण तिसऱ्या पानावर, तीही ‘गणपतीच्या आधी केव्हातरी’. कुणी मारलं? ‘साहेबांनी.’

ओळखीच्या वकीलबाईंनी मग समजावलं. दिवाणी प्रक्रिया संहितेचा सहावा आदेश सांगतो की, दाव्यात महत्त्वाच्या घटना थोडक्यात लिहा, पुरावा नको. परिच्छेदांना क्रमांक द्या. तारखा आणि रकमा आकड्यांत आणि अक्षरांतही लिहा. खाली सही, सत्यापन, शिवाय प्रतिज्ञापत्र. सरकारवर दावा लावायचा तर एरवी आधी दोन महिन्यांची नोटीस. यातलं ‘कोण, कधी, कुठे’ मला पटतं. समोरच्याला उत्तर कशाचं द्यायचं ते कळायला नको? पण बाकीचं सगळं तुरुंगातल्या माणसाने कुठून शिकायचं?

आपल्याच मुंबईत याचं उत्तर एकदा मिळालेलं आहे. पत्रकार शीला बारसे यांनी इथल्या मध्यवर्ती तुरुंगात १५ कैदी बायकांशी बोलून सर्वोच्च न्यायालयाला साधं पत्र लिहिलं. पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं होतं. न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानलं. एवढंच नाही, तर निर्मला निकेतनच्या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकांना तुरुंगात जाऊन बायकांशी बोलायला सांगितलं. १५ फेब्रुवारी १९८३ च्या निकालात बायकांसाठी वेगळ्या कोठड्या, त्यांवर महिला पोलिसांचा पहारा, मोफत वकील असे आदेश आले. तिकडे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही १९७२ साली, हेन्स नावाच्या कैद्याच्या खटल्यात, त्याने स्वतः लिहिलेली कैफियत वकिलाच्या मापाने मोजू नये, असं म्हटलं होतं.

अर्थात, प्रत्येक पत्राचं असं नशीब नसतं. शीलाताईंना लिहिता येत होतं, आमच्या काकूंना सहीपुरतंच येतं. म्हणून पत्राच्या भरवशावर मी कुणाला बसवणार नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार कोठडीतल्या माणसाला, आणि कुठल्याही स्त्रीला, मिळकत न बघता मोफत वकील मिळू शकतो. मग ‘नमुन्यात नाही’ असा शेरा मारणाऱ्याने कागद परत कैद्याच्या हातात का द्यावा? सरळ विधी सेवेच्या वकिलाकडे पाठवावा, आणि तसं कैद्याला कळवावं. कैफियतीत दुरुस्ती मागायची सोय तर त्याच सहाव्या आदेशात आहे!

मारहाणीची तारीख तेवढी आम्ही शोधली. काकू म्हणाल्या, भेटीला गेले तेव्हा हाताला प्लॅस्टर होतं, आदल्या दिवशीच मारलं म्हणाला. आणि त्या घरी जाऊन भिंतीवरचं कालनिर्णयच काढून घेऊन आल्या. दुधाच्या खाड्यांशेजारी एका मंगळवारावर पेन्सिलीने फुली मारलेली होती, खाली वेड्यावाकड्या अक्षरात ‘हात’.

म्हणजे सोमवार. वकीलबाईंनी आता नव्या अर्जाचा पहिला परिच्छेद त्या तारखेने सुरू केलाय, आकड्यांत आणि अक्षरांत. अडलंय ते शेवटच्या पानावर. तिथे सही हवी, आणि मुलाला पेन धरता येत नाही. डाव्या हाताचा अंगठा चालेल का, हे विचारायला काकू आणि मी उद्या जाणार आहोत.