तलवार म्यानातच बरी!

आमच्या बदलापूरकरांना तलवारीचा अभिमान असल्यास नवल नाही. शिवाजी महाराजांचे स्वार येथे घोडे बदलीत, म्हणून गावाला हे नाव पडले, असे जुनी मंडळी सांगतात. आता स्वारांच्या जागी आम्ही आलो आणि घोड्यांच्या जागी लोकल आली. तिच्यात शिरताना रोज सकाळी जी लढाई होते, ती निःशस्त्र असते एवढेच! अशा या गावात माझा सख्खा भाचा लष्करात कॅप्टन झाला. लग्नाच्या स्वागतसमारंभाला तो गणवेषात, कमरेला तलवार लावून उभा राहणार, असेही ठरले. माझी छाती किती फुगली असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

फुगलेल्या छातीतून शब्दही फुगूनच बाहेर पडतात. मी आळीभर सांगून टाकले, "वरात स्टेशनापासून निघणार! नवरदेव घोड्यावर, हातात नंगी तलवार, मागे त्याचे सहा मित्र, त्यांच्याही हातांत तलवारी!" पोरांनी पुढे कोणी नाचायचे तेही ठरवून टाकले. फक्त नवरदेवाला विचारायचे तेवढे राहून गेले.

लग्नाच्या आधी चार दिवस तो आला. "बघू रे तुझी तलवार," म्हणत मी ती म्यानातून सर्रकन ओढली आणि धार पाहण्यासाठी पात्यावरून अंगठा फिरवला. धार नव्हतीच. समारंभाची तलवार बोथट असते.

"मामा, पात्याला बोट नको. घामाने गंज चढतो," असे म्हणून त्याने मऊ फडक्याने माझ्या अंगठ्याची खूण पुसली आणि पाते सावकाश म्यानात सरकवले.

मग मी तो पट्टा कमरेला बांधून आरशासमोर उभा राहिलो, तर त्याला हसू आवरेना. मी तलवार उजव्या बाजूला लावली होती! ती डाव्या बाजूला हवी, म्हणजे उजव्या हाताने उपसता येते. घोड्यावर डावीकडून चढण्याची रीतही त्यातूनच आली म्हणतात. शिवाय चालताना डावा हात म्यानावर हवा. नाहीतर म्यान पायांत येते आणि सेनापतीही तोंडघशी पडतो.

त्या डाव्या हाताची त्याने एक गोष्ट सांगितली. सॅम ब्राउन नावाचा एक इंग्रज अधिकारी हिंदुस्थानातील घोडदळात होता. १८५८ सालच्या एका चकमकीत त्याचा डावा हात गेला. आता तलवार उपसताना म्यान कशाने धरणार? त्याने कमरेच्या पट्ट्याला उजव्या खांद्यावरून जाणारा दुसरा पट्टा जोडला आणि म्यान जागच्या जागी राहू लागले. पोलिस अधिकाऱ्याच्या छातीवरून तिरपा जाणारा पट्टा आपण पाहतो, तो मूळचा एका थोट्या माणसाच्या गरजेचा, हे मला काय ठाऊक!

त्याची शिकवणी पुढे चालू झाली. तलवार म्यानात असेल, तर सलाम हाताने. ती उपसलेली असेल, तर सलाम तलवारीनेच. आधी पाते उभे धरून मूठ तोंडापाशी आणायची, मग टोक खाली उजव्या पावलाकडे न्यायचे. १ मे रोजी शिवाजी पार्कवर संचलनाच्या तुकडीपुढचा अधिकारी असेच करतो, ते मी कितीदा पाहिले होते. पाहून समजले मात्र नव्हते. आणि मेसमध्ये जेवायला जाताना पट्टा आणि तलवार बाहेर उतरवून ठेवायची. पंगतीत हत्यार नाही!

"आणि वरातीत?" मी हळूच विचारले.

"वरातीत नाही, मामा."

माझ्या डोळ्यांपुढे सारी आळी उभी राहिली. "महाराजांच्या मुलखातला तू, आणि तलवार उपसायला लाजतोस?" मी ओरडलो.

बोललो आणि जीभ चावली. आदल्याच वर्षी हा मुलगा सरहद्दीवर बर्फात होता आणि मी बदलापुरात पांघरूण घेऊन त्याचे कौतुक करीत होतो. तो मात्र शांतपणे म्हणाला, "मामा, डेहराडूनच्या अकादमीत सर्वांत सरस ठरलेल्या छात्राला मानाची तलवार देतात. १९४५ साली जपान शरण आले, तेव्हा माउंटबॅटननी जपानी अधिकाऱ्यांच्या तलवारी उतरवून घेतल्या. तोफा-विमानांच्या लढाईत त्या तलवारींनी काय होणार होते? पण मान कोणाचा गेला, ते त्यांच्या शिपायांना दिसले. अशी वस्तू बँडपुढे नाचवायची? ती हुकुमाने निघते आणि हुकुमाने म्यानात जाते. आणि गर्दीत एखाद्या पोराच्या डोळ्याला टोक लागले तर?"

इतका वेळ लाडू वळीत बसलेली अक्का आता बोलली. "यांनी अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत तीस वर्षे काढली. खंडेनवमीला पान्या-हातोडीची पूजा करायचे, पण फटाक्याची माळ कधी हातात धरून लावली नाही. ज्याला हत्यार कळते तो त्याला जपून असतो. मी देवाजवळ रोज एवढेच मागते, की माझ्या मुलाची तलवार परेडला आणि मांडवातच निघो. आळीला काय सांगायचे ते तुझे तू बघ."

मी मुकाट्याने आळीत गेलो आणि माझेच शब्द एकेक करून परत घेतले.

लग्नाचे विधी धोतर-उपरण्यात झाले. संध्याकाळी कार्यालयाच्या दाराशी सहा अधिकारी समोरासमोर दोन रांगांत उभे राहिले. हुकूम झाला. सहा पाती एकदम निघाली आणि टोकाला टोक भिडून कमान उभी राहिली, धार आकाशाकडे करून. तिच्याखालून माझा भाचा आणि नवी सून चालत आली. पुन्हा हुकूम, आणि पाती म्यानात! दोन मिनिटांचा सोहळा. पण नाचायला आलेली पोरे बँड विसरून स्तब्ध उभी होती. पुढे सुनेच्या मैत्रिणींनी आणलेला केक मात्र तलवारीने कापला. तेवढी मुभा आहे म्हणे!

पंगत बसली. भाच्याने पट्टा सोडला, इकडेतिकडे पाहिले आणि तलवार माझ्या हातात दिली. "मामा, जेवण होईपर्यंत सांभाळाल?"

मी ती दोन्ही हातांनी घेतली. समोरून जिलबी दोनदा फिरून गेली. मी जागचा हललो नाही. शेजारचा एक बंड्या येऊन म्हणाला, "काका, जरा उपसून दाखवा ना!"

म्यान घट्ट धरून मी ताठ उभा राहिलो आणि म्हणालो, "हुकूम नाही!"