पिसदुऱ्याचं शेण आणि प्रलयाचा फॉरवर्ड

तीन दिवसांपासून एक फॉरवर्ड फिरतोय. डोंगरात शंख-शिंपले सापडतात, म्हणजे अख्खी पृथ्वी एकदा बुडाली होती. सगळे खडक, सगळे जीवाश्म त्या एकाच प्रलयातले. मूळ माल अमेरिकेतला, नोहाचा. आपल्याकडे येईपर्यंत कुणीतरी नोहा खोडून मनू घातलाय, बाकी मजकूर तोच. दोन्हीकडे खपतो ना!

हे खूळ गाजवलं १९६१ च्या ‘द जेनेसिस फ्लड’ या पुस्तकानं. लेखक दोघं. एक धर्मशास्त्रवाले, दुसरे पाण्याचे इंजिनिअर. भूगर्भशास्त्रज्ञ एकही नाही.

आता आपल्या वरोरा तालुक्यातल्या पिसदुऱ्याला या. इथे डायनासोरची हाडं सापडली, आणि त्याहून भारी म्हणजे दगड झालेली विष्ठा. २००५ साली शास्त्रज्ञांनी तिच्यात गवताचे सूक्ष्म अवशेष दाखवले. मला एवढंच सांगा, डोंगर रचणाऱ्या पुरात शेणाचा पो टिकतो का? आमच्या गोठ्यापुढचा एका सरीत वाहून जातो.

नागपूरजवळ टाकळीला लाव्हाच्या दोन थरांमध्ये गोगलगायींचे शंख सापडले. तेही गोड्या पाण्यातल्या, समुद्रातल्या नव्हे. म्हणजे लाव्हा आला, थंड झाला, वर तळं साचलं, गोगलगायींच्या पिढ्या गेल्या, आणि मग पुन्हा लाव्हा. घाटात काळ्या कातळामध्ये लाल पट्टा दिसतो ना, ती दोन लाव्हांच्या मधल्या काळात तयार झालेली माती. हे सगळं बुडालेल्या पृथ्वीवर, एका वर्षात?

हिमालयात समुद्री जीवाश्म आहेत, खरंय. पण तिथे पाणी वर चढलं नाही, समुद्राचा तळच उचलला गेला. अजून उचलला जातोय.

आणि टाकळीचे ते थर अभ्यासले कुणी? स्टीफन हिस्लॉप, १८४५ ला नागपुरात आलेले मिशनरी. हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं. बायबल शिकवायला आलेला माणूस, पण दगडात जे दिसलं तेच लिहिलं. श्रद्धेशी माझं भांडण नाहीच.

भांडण वेगळं आहे. २०२३ मध्ये एनसीईआरटीनं दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग काढला. त्या रिकाम्या जागेत हे फॉरवर्ड शिरतायत. मला हा आला तो शाळेच्या पालक ग्रुपवर, टाकणारे विज्ञानाचे सर. खाली चाळीस हात जोडलेले.

सर, तो मेसेज काढा. आणि पोरांना एक दिवस पिसदुऱ्याला न्या, गाडीचं डिझेल मी भरतो.