मराठी विभाग वरच्या मजल्यावर, विद्यार्थी खिडकीपाशी

सीमाभागातील मराठी विद्यार्थ्यांची तक्रार घेऊन आम्ही एखाद्या विद्यापीठाच्या वा महाविद्यालयाच्या दारी गेलो की ठरलेले उत्तर मिळते : ‘आमच्याकडे मराठीचा स्वतंत्र विभाग आहे, आणखी काय हवे?’ हे उत्तर ऐकून निमूट परतणाऱ्यांत आम्हीही अनेक वर्षे होतो. आता ते आम्हांस मान्य नाही, आणि का मान्य नाही हे आधी आमच्याच लोकांना सांगणे भाग आहे.

दोन वर्षांपूर्वी खानापूर तालुक्यातील एक मुलगी वडिलांसह आमच्या कार्यालयात आली. दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमात झालेले. वसतिगृहाच्या यादीत तिचे नाव लागले होते. अनामत रक्कम सात दिवसांत भरावी, अशी सूचना फलकावर होती. ती केवळ कार्यालयीन कन्नडमध्ये. कन्नड ती शाळेत शिकली आहे, बाजारात बोलते. परंतु परिपत्रकाची कन्नड तिला उलगडली नाही, जशी शासन निर्णयांची मराठी कित्येक मराठी पदवीधरांनाही उलगडत नाही. मुदत टळली, जागा गेली; रोजच्या जाण्यायेण्याचा खर्च झेपेना, म्हणून तिने शिक्षणच सोडले. त्या संस्थेत मराठीचा विभाग आहे, तेथे कविसंमेलनेही होतात. त्या विभागाचा तिला काडीचा उपयोग झाला नाही, कारण ती वाणिज्य शाखेची होती.

सीमा १ नोव्हेंबर १९५६ रोजी आखली गेली, असे आपण म्हणतो. विद्यार्थ्यांपुरती ती त्याआधीच आखली गेली होती. स्वातंत्र्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत मुंबई प्रांताने मुंबई विद्यापीठाचे क्षेत्र वाटून पुणे, गुजरात आणि कर्नाटक ही विद्यापीठे कायद्याने निर्माण केली. भाषावार राज्ये नंतर आली, भाषावार विद्यापीठे आधी. बेळगावची महाविद्यालये मुंबईऐवजी धारवाडशी संलग्न झाली. या कायद्यांनी विद्याशाखा, अभ्यासमंडळे आणि परीक्षा यांची रचना काटेकोर केली. विद्यापीठाच्या आवारात पाऊल टाकणारे मूल कोणत्या भाषेत प्रश्न विचारील आणि त्याला कोण उत्तर देईल, हा विचार मात्र मागे राहिला.

तो विचार त्या काळी कोणाला सुचलाच नव्हता, असे नाही. १९४८-४९च्या राधाकृष्णन आयोगाने विद्यार्थ्यांचे आरोग्य, वसतिगृहे आणि कल्याण यांची स्वतंत्र दखल घेतली. १९६४-६६च्या कोठारी आयोगाने तर विद्यार्थीसेवा हा शिक्षणाचाच अविभाज्य भाग मानला. आमचा मुद्दा याच्या पुढची एक पायरी आहे : जी सेवा विद्यार्थ्याला समजत नाही, ती त्याच्यापुरती अस्तित्वातच नाही.

कायद्याकडे वळू. ‘गुजरात विद्यापीठ विरुद्ध कृष्ण रंगनाथ मुधोळकर’ हा सर्वोच्च न्यायालयाचा १९६२चा निकाल आमच्या चळवळीत अभिमानाने सांगितला जातो. शालेय शिक्षण मराठीतून झालेला एक विद्यार्थी अहमदाबादच्या महाविद्यालयात इंग्रजी माध्यमाच्या वर्गात शिकत होता. पुढच्या वर्षी त्याला त्या माध्यमात प्रवेश नाकारला गेला, कारण विद्यापीठाने शिक्षणाचे माध्यम गुजराती वा हिंदी ठरविले होते. वडील न्यायालयात गेले. भाषेच्या वापराला उत्तेजन देण्याचा अधिकार म्हणजे ती एकमेव माध्यम म्हणून लादण्याचा अधिकार नव्हे, असे न्यायमूर्ती जे. सी. शहा यांनी बहुमताच्या निकालात ठरविले. न्यायमूर्ती सुब्बाराव यांचे मत भिन्न होते.

या विजयाचा हिशेब आपण कधी मांडला आहे काय? मराठी कुटुंबाने खटला जिंकला आणि पदरात पडली इंग्रजी. त्या वादात मराठी ही बाजूच नव्हती. मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयीविषयीचे अनुच्छेद ३५०-क प्राथमिक स्तरापाशीच थांबते. तेव्हा भौतिकशास्त्र मराठीतून शिकवा, अशी मागणी घेऊन आम्ही परराज्यातील विद्यापीठाशी भांडत बसलो, तर घटना आमच्या मागे उभी राहणार नाही.

ती जेथे उभी राहते, ती जागा आपण मोकळी सोडली आहे. अनुच्छेद २९(२) सांगते की, शासकीय वा शासनाच्या साहाय्यावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत केवळ भाषेच्या कारणावरून प्रवेश नाकारता येणार नाही. अनुच्छेद ३५० प्रत्येक व्यक्तीला आपल्या गाऱ्हाण्याचे निवेदन संघराज्यात वा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत संघराज्याच्या वा राज्याच्या अधिकाऱ्याकडे अथवा प्राधिकरणाकडे देण्याचा हक्क देते. कायद्याने स्थापन झालेले विद्यापीठ या तरतुदीच्या कक्षेत येते, असे आमचे स्पष्ट मत आहे. बेळगावात, बिदरमध्ये, कारवारमध्ये मराठी वापरात नाही, असे कोण शपथेवर सांगेल?

‘किती भाषांत कारभार करायचा?’ असा प्रतिप्रश्न येतो. आमची मागणी मोजकी आहे. प्रवेश, वसतिगृह, शिष्यवृत्ती आणि परीक्षा यांच्या मुदतीच्या सूचना मराठीतही लागाव्यात. खिडकीवर मराठी समजणारा एक कर्मचारी असावा. आजारी वा खचलेल्या विद्यार्थ्याला आपले दुःख आपल्या भाषेत सांगता येईल असा समुपदेशक मिळावा. यासाठी नवी इमारत लागत नाही, कन्नडचा एक शब्दही कमी करावा लागत नाही. हीच सोय जत आणि अक्कलकोटच्या कन्नड मुलांना महाराष्ट्रातील विद्यापीठांनी द्यावी, असेही आम्ही तितक्याच ठामपणे म्हणतो. जो न्याय आपण देत नाही, तो मागण्याचे तोंड आपल्याला उरत नाही.

आता आमच्या लोकांना दोन शब्द. अध्यासन मागणे सोपे असते. उद्‌घाटन होते, छायाचित्र छापून येते. खिडकीवरचा कारकून मागण्यात मिरवण्यासारखे काही नाही. म्हणून बेळगाव असो, बडोदे असो वा हैदराबाद, आपल्या संस्था विभागाच्या पाटीवर समाधान मानतात आणि मुले फलकापुढे उभी राहून परततात. विभाग हवाच; भाषेचे संशोधन तेथेच होते. परंतु भाषिक हक्काचे माप घ्यायचे, तर ते विज्ञान वा वाणिज्य शाखेत शिकणाऱ्या मराठी मुलाच्या अनुभवावरून घ्यावे लागेल.

येत्या प्रवेशकाळात प्रत्येक मराठी मंडळाने दोन कार्यकर्ते प्रवेशाच्या खिडकीपाशी बसवावेत. जेथे मूल अडेल तेथे त्याचे निवेदन मराठीतच लिहावे, त्यात अनुच्छेद ३५०चा उल्लेख करावा आणि तारखेसह पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. पोच नाकारली गेली, तर निवेदन स्पीड पोस्टाने पाठवावे आणि पावती जपून ठेवावी. न्यायालयात भाषणे चालत नाहीत, कागद चालतात. खानापूरच्या त्या मुलीसाठी आमच्या हाती असा एकही कागद नव्हता.