ओठ शिवला, बोलण्याचं काय?

मैत्रिणींनो, दुभंगलेल्या ओठाच्या बाळाचे दोन फोटो आपण सगळ्यांनीच पाहिलेत. एक शस्त्रक्रियेआधीचा, एक नंतरचा, हसरा. मिर्झापूर जिल्ह्यातल्या मुलीवरच्या 'स्माइल पिंकी' या माहितीपटाला २००९ साली ऑस्कर मिळालं, तेव्हा साऱ्या देशानं ते हसू पाहिलं. ते खोटं नाही. पण तोंडातली टाळू फोटोत दिसत नाही, आणि आवाज तर नाहीच. ओठ धड पण टाळू दुभंगलेली, हे मुलग्यांपेक्षा मुलींमध्ये जास्त आढळतं, हे कुणी सांगत नाही.

टाळू शिवली तरी तिचा मागचा मऊ भाग वर उचलला जाऊन नाकाची वाट बंद व्हावी लागते. नाही झाली, तर हवा नाकातून निसटते. मूल 'बाबा' म्हणतं, आपल्याला 'मामा' ऐकू येतं. वर्गात नक्कल होते, मूल गप्प बसायला शिकतं. मुलगी असली तर गप्प बसण्याचं कौतुकच: किती शहाणी!

आणि दोष आईला. आधी ग्रहणाचा: विळीला हात लावलास म्हणून. अहो, टाळू गर्भात पहिल्या तीन महिन्यांतच जुळते. सातव्या महिन्यातल्या ग्रहणाचा तिच्याशी संबंध काय? हा डाग पुसतो न पुसतो तोच दवाखान्यात दुसरा लागतो: 'तुम्ही घरी सराव घेत नाही.' कसला सराव? फुगे फुगवा, मेणबत्ती फुंका. फुंकून फुंकणं सुधारतं, बोलणं नाही. उच्चार उच्चारांनीच सुधारतात. ते शिकवायला त्यातलं शिक्षण घेतलेलं माणूस लागतं, महिनोन्‌महिने. काहींची टाळू शिवल्यावरही आखूड पडते. त्यांना दुसरी शस्त्रक्रियाच लागते. हे कुणी तपासलंच नाही, तर आई वर्षभर घोकून घेते आणि अपयश स्वतःच्या पदरात बांधते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून दुभंगलेले ओठ-टाळू आहेत. जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात वाचा-उपचार तज्ज्ञाची तरतूद आहे. तुमच्या जिल्ह्यात त्या खुर्चीवर माणूस बसतं का, जाऊन पाहा. एस.टी.त बायकांना २०२३ साली अर्धं तिकीट झालं. बुडालेली मजुरी कोण देणार? आणि बापाला ती एस.टी. सापडत नाही का?

पुढच्या शिबिरात टाके घातलेल्या मुलांचा आकडा वाचला जाईल, तेव्हा आपल्या गटांनी उभं राहून विचारावं: यांतली किती मुलं बोलण्याच्या उपचाराला येतात, आणि त्यांच्याबरोबर कोण येतं?